आधी खलाशी, मग शांतता

भारत आणि पाकिस्तान दरवर्षी दोनदा, १ जानेवारीला आणि १ जुलैला, एकमेकांना कैद्यांच्या याद्या देतात. संबंध कितीही बिघडले तरी या तारखा सहसा चुकत नाहीत. १ जानेवारी २०२५ च्या याद्यांनुसार पाकिस्तानच्या ताब्यात २१७ भारतीय मच्छीमार होते आणि भारताच्या ताब्यात ८१ पाकिस्तानी मच्छीमार.

आमच्या पालघर जिल्ह्याला ही यादी परकी नाही. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातले तरुण पावसाळी बंदी उठली की ओखा, पोरबंदर, मांगरोळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. सर क्रीकपासून पुढची सागरी सीमा दोन्ही देशांनी अजून नक्की केलेली नाही. पाण्यावर रेघ नसते, मासळी मात्र त्याच भागात जास्त. पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा दलानं बोट पकडली की मालकाची बोट जाते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. मार्च २०२४ मध्ये डहाणू तालुक्यातला एक खलाशी तिथंच वारला. त्याचा मृतदेह गावी यायला दीड महिना लागला.

या माणसांसाठी दोन्ही देशांतले काही लोक वर्षानुवर्षं एकत्र आवाज उठवत आले आहेत. त्यांच्या सुटकेच्या मागणीला विरारजवळच्या आमच्या बोळिंजमधूनही पाठिंबा मिळावा म्हणून मी एक निवेदन लिहिलं आणि पहिली सही घरातलीच असावी म्हणून काकांकडे गेले. काकांची सगळी नोकरी चर्चगेटच्या एका सरकारी कचेरीत, फायली सांभाळण्यात गेली. म्हाडाच्या इमारती उभ्या राहण्याआधीचं, केळीच्या बागांचं बोळिंज त्यांनी पाहिलं आहे आणि आता टॉवरमधल्या लोकांशीही त्यांची ओळख आहे. गावात कुणाला काय पटेल हे त्यांच्याइतकं मला कळत नाही. त्यांनी सही केली नाही. पुढे काही संध्याकाळी आमचं जे बोलणं झालं, ते इथं एकत्र मांडते आहे.

काका : पहिली ओळ वाचली आणि थांबलो. ‘भारत-पाकिस्तान मैत्री व दक्षिण आशियातील शांततेसाठी.’ या ओळीवर तू कुणाच्या सह्या मागणार आहेस, बाय? ११ जुलै २००६ ला संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या गाड्यांत सात स्फोट झाले. माहीमपासून मीरा रोडपर्यंत. पहिल्या वर्गाचे डबे. अकरा मिनिटांत १८० च्या वर माणसं गेली. त्या गाड्यांनी कोण जात होतं? आपण. वसई, नालासोपारा, विरार. आमच्या भजनाच्या डब्यातला एक माणूस त्या दिवशी घरी पोचला नाही. त्याच्या बायकोपुढे हा कागद धरशील?

मी : धरेन. पण त्या खटल्याचं काय झालं तेही सांगेन. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बाराही आरोपींना निर्दोष ठरवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. एकोणीस वर्षं उलटली तरी तिला न्याय मिळाला असं कुणी म्हणू शकत नाही. मलीरच्या तुरुंगात बसलेल्या आदिवासी पोराला आणखी एक वर्ष तिथं ठेवून तो मिळणार आहे का?

काका : मी त्या पोराकडून हिशेब मागतच नाही. लोकांच्या मनात काय आहे ते तुला सांगतोय. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ माणसं मारली, त्यात सहा महाराष्ट्रातली, तिघं आपल्या शेजारच्या डोंबिवलीची. मे महिन्यात लढाई झाली. त्यानंतर तू दारात जाऊन ‘मैत्री’ म्हणालीस, तर पुढचं कुणी ऐकणार नाही. आणि तुझा सगळा विषय बोटींचा आहे ना? मग ‘कुबेर’ विसरू नकोस. पोरबंदरची मच्छीमारी बोट. २००८ साली अतिरेक्यांनी ती समुद्रात ताब्यात घेतली, खलाशांना मारलं, तांडेलाकडून मुंबईजवळपर्यंत बोट आणवून घेतली आणि मग त्यालाही मारलं. त्यानंतर अर्नाळ्याच्या कोळ्याला ओळखपत्र दाखवल्याशिवाय समुद्रात जाता येईना. मच्छीमाराच्या बोटीकडे सरकार संशयानं बघतं, त्याला कारण आहे.

मी : कुबेरवर मेले तेही मच्छीमारच होते, काका. आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी दलानं गोळीबार केला, त्यात आपल्या पालघरच्या वडराईचा मच्छीमार गेला. दोन्ही वेळा किंमत कुणी दिली? ज्याच्या हातात फक्त जाळं होतं त्यानं.

काका : मग हे दोन्ही तुझ्या कागदावर का नाही? तुमच्या शांततेच्या निवेदनांत आपलं रक्त कधी दिसत नाही. वाचणाऱ्याला वाटतं, याला आमचं दुःख ठाऊकच नाही, हा वरून उपदेश करायला आलाय.

त्यांचं म्हणणं मला पटलं, आणि नुसतं पटलं असं नाही, तेच या कामातलं मुख्य आहे असं मला वाटतं. शांततेसाठी लिहिलेल्या कागदांत बहुधा भविष्याचीच भाषा असते. ज्यांचं माणूस गेलं आहे, त्यांच्यासाठी त्यात एकही ओळ नसते. कुबेर आणि जलपरी ही दोन्ही नावं मी मसुद्याच्या पहिल्या परिच्छेदात घातली. मग मला वाटलं, आता काका सही करतील.

काका : अजून नाही. ही मागणी मुळात कुणाची? ज्यांनी लढाई फक्त टीव्हीवर पाहिली त्यांची. मेणबत्त्या घेऊन वाघा सीमेवर उभं राहणं सोपं असतं.

मी : ॲडमिरल रामदास कोण होते, काका? १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात ‘आयएनएस बियास’चे कप्तान. वीरचक्र मिळालं. १९९० ते १९९३ नौदलप्रमुख. निवृत्त होऊन अलिबागजवळ शेती करत राहिले आणि त्याच माणसानं भारत-पाकिस्तान लोकमंचाचं काम वर्षानुवर्षं केलं. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला, याच कामासाठी. २०२४ च्या मार्चमध्ये ते गेले. ज्यानं पाकिस्तानी जहाजं अडवली तो माणूस म्हणत होता की बोलणी थांबवू नका.

काका : नौदलप्रमुखाला ते शोभतं. त्याच्या देशप्रेमावर कोण बोट ठेवणार? तुझ्या-माझ्यावर ठेवतील.

मी : निर्मला देशपांडेंवरही ठेवलं असेल. नागपूरच्या बाई, विनोबांबरोबर भूदानात पायी फिरलेल्या. कारगिल १९९९ चं, आणि मार्च २००० मध्ये त्या बायकांची बस घेऊन लाहोरला गेल्या. वर्षसुद्धा उलटलं नव्हतं.

काका : गेल्या, आणि काय झालं? २००१ ला संसदेवर हल्ला झालाच ना? एका बसनं काय थांबतं?

यावर माझ्याजवळ फार मोठं उत्तर नव्हतं आणि आजही नाही. बस गेल्यामुळे हल्ला थांबत नाही. असं काम करणाऱ्यांनी जेव्हा-जेव्हा मोठं फळ मिळेल असं सांगितलं, तेव्हा पुढचा स्फोट झाल्यावर त्यांच्या बाजूचे लोकही गळाले. फळ लहान असेल तर ते लहानच सांगावं. मे-जून २०२३ मध्ये पाकिस्ताननं दोन तुकड्यांत सुमारे ४०० मच्छीमार सोडले. कराचीच्या एधी फाउंडेशननं त्यांना लाहोरपर्यंतचं रेल्वेचं तिकीट दिलं, वाटखर्चाला पैसे दिले. वाघा सीमेवरून ते घरी आले. दोन्ही देशांचं वैर तसंच राहिलं. ४०० घरांत माणूस परत आला.

मी बोळिंजमधली असल्यामुळे मग स्वाभाविकपणे सोपाऱ्याचा आधार घेतला. इथून काही किलोमीटरवर बुरूड राजाच्या कोटात स्तूप आहे. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि त्याच साली सोपाऱ्यातच अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. १९५६ मध्ये भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. दोन तुकडे आहेत, म्हणजे चौदाही लेख इथं कोरले असावेत असं अभ्यासक मानतात. त्यातला तेरावा लेख कलिंगच्या युद्धाचा: लाख माणसं मेली, दीड लाख नेली गेली, आणि राजा त्याबद्दल दुःख सांगतो.

काका : ते जिंकल्यावर, बाय. कलिंग हातात आल्यावर त्याला दुःख झालं. कलिंग परत दिलं का त्यानं? आणि त्याच लेखात जंगलातल्या लोकांना तो काय म्हणतो ते वाच. पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हातात अजून ताकद आहे, नीट वागा. मी अशोकाला नावं ठेवत नाही. उलट, राजानं असंच बोलावं असं माझं मत आहे. पण तू त्याला हात जोडलेला संत करून दारोदार नेऊ नकोस.

मी : नाही नेणार. पण एक गोष्ट ऐका. तो तेरावा लेख त्यानं इतर बऱ्याच ठिकाणी लावला, पण कलिंगमध्ये लावला नाही. धौली आणि जौगड ही दोन्ही ठिकाणं कलिंगमधली. तिथं अकरावा, बारावा, तेरावा हे तीन लेख गाळले आहेत.

काका : गाळले? का?

मी : कारण त्यानं लिहून ठेवलेलं नाही. पण त्यांच्या जागी दोन वेगळे लेख कोरले आहेत, आणि त्यांतला एक नगराच्या अधिकाऱ्यांना उद्देशून आहे. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, आणि कुणालाही विनाकारण तुरुंगवास किंवा छळ सोसावा लागू नये, हे तुम्ही पाहायचं, असा हुकूम. मला त्यातून असं दिसतं: ज्यांची माणसं मारली त्यांच्यापुढे राजानं आपला पश्चात्ताप वाचून दाखवला नाही. त्यांना त्यानं अधिकाऱ्यांवर बंधन घातलेलं दाखवलं. पाचवा लेखही तसाच. धर्ममहामात्र नावाचे अधिकारी नेमले, त्यांच्या कामाच्या प्रदेशांत अपरांत, म्हणजे आपला पश्चिम किनाराही आहे. आणि त्यांनी काय करायचं? कैद्यांकडे बघायचं. ज्याला लेकरंबाळं आहेत, जो म्हातारा आहे, त्याच्या सुटकेचं पाहायचं. राज्याभिषेकानंतरच्या २६ वर्षांत २५ वेळा कैदी सोडले असं त्याच्या एका स्तंभलेखात आहे.

काका गप्प बसले नाहीत, ते विचारात पडले. पुढचा प्रश्न त्यांनी एका जुन्या कारकुनासारखा विचारला, आणि आमचं सगळं बोलणं तिथून वळलं.

काका : बरं, तुझ्या मागणीला कागदाचा आधार काय? अशोकाचा नको. आजचा. दोन्ही सरकारांची सही असलेला काही आहे का?

मी : आहे. २१ मे २००८ चा करार. अटक झाल्यापासून तीन महिन्यांत वकिलातीच्या माणसाला कैद्याला भेटू द्यायचं. राष्ट्रीयत्व पक्कं झालं आणि शिक्षा संपली की एका महिन्यात सोडायचं.

काका : एका महिन्यात? असं लिहिलंय?

मी : लिहिलंय, आणि दोन्ही सरकारांची सही आहे.

काका : आणि माणसं वर्षानुवर्षं आत आहेत?

मी : शिक्षा सहसा महिन्यांची असते. संपल्यावरही राहतात. राष्ट्रीयत्वाची पडताळणी अडते, फाईल अडते, राजकारण आडवं येतं. शिवाय समुद्र कायद्याचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचं ७३ वं कलम. देशाच्या आर्थिक क्षेत्रात मासेमारीचा नियम मोडला म्हणून परक्या मच्छीमाराला, दोन देशांत तसा वेगळा करार नसेल तर, कैदेची शिक्षा देता येत नाही. योग्य जामीन घेऊन बोट आणि माणसं लवकर सोडायची. भारतानं तो करार १९९५ मध्ये मान्य केला, पाकिस्ताननं १९९७ मध्ये.

काका : मग तू मैत्री कशाला मागतेस? मुदत मागायची. मी आयुष्यभर टेबलावर बसलोय. माणूस चांगला असो वा वाईट, अर्जावर मुदत लिहिली असेल तर ती पाळावी लागते. न पाळणाऱ्याला जाब विचारता येतो. मैत्री न केल्याचा जाब कुणाला विचारणार? आणि तारीख बघ. करार मे २००८ चा. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला. एवढं होऊनही सरकारनं हा करार फाडला नाही. म्हणजे देशाला तो हवा आहे. मग तो पाळा असं म्हणण्यात देशद्रोह कसला?

त्यांनी तिथल्या तिथे मसुदा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नव्यानं लिहायला घेतला. विषय. संदर्भ. मग मागणी. प्रत माहितीसाठी. माझी ‘दक्षिण आशियातील शांतता’ गेली, आणि तिच्या जागी आलं: ‘दि. २१ मे २००८ च्या करारातील एक महिन्याच्या मुदतीचे पालन होणेबाबत.’ मी आक्षेप घेतला. मला शांतता हवी आहे आणि मी तसं म्हणणार, असं सांगितलं. ते म्हणाले, तू म्हण, पण सही मागताना दुसऱ्याच्या तोंडी ते घालू नकोस. म्हाडाच्या पाचव्या मजल्यावरच्या माणसाला खलाशी सुटावा असं वाटू शकतं आणि पाकिस्तानशी मैत्री नको असंही वाटू शकतं, त्याची सही तुला हवी की नको?

हवी. हा माझा निर्णय आहे आणि तो मी विचार करून घेतला. पाठिंबा मिळवणं म्हणजे सगळ्यांचं मत आपल्यासारखं करणं नव्हे. मत वेगळं ठेवूनही माणूस ज्या एका गोष्टीसाठी उभा राहील, ती गोष्ट शोधून तिच्यासाठी त्याला उभं करायचं.

खरा वाद मात्र त्यापुढे झाला.

काका : ८१ हा आकडा इथून काढ. त्यांचे मच्छीमार त्यांचं सरकार बघेल. मी आपल्यांसाठी सही करतो.

मी : करार दोघांचा आहे. आपण फक्त आपलेच मागितले तर त्यांचं सरकार म्हणेल, आधी आमचे द्या. सुटका बहुतेक वेळा दोन्हीकडून, मागेपुढे झाली आहे. आपल्या ८१ फायली इथं अडल्या तर त्यांच्या २१७ तिथं अडतात.

काका : म्हणजे हिशेबासाठी?

मी : हिशेबासाठी पण. आणि दुसरंही आहे. कराचीच्या इब्राहिम हैदरी वस्तीतली बाई आपल्या माणसाची वाट बघतेय. डहाणूची बघतेय तशीच. तिचा नवरा आपल्या तुरुंगात आहे. त्या तुरुंगाचा खर्च आपल्या करातून चालतो. तिथल्या तुरुंगाबद्दल मी फक्त मागणी करू शकते. इथल्याबद्दल मी जबाबदार आहे, आणि तुम्हीही.

काका : तू मला जबाबदार धरतेस?

मी : २००८ चा कागद तुम्हीच पाळायला सांगितलात. मग तो अर्धाच कसा पाळायचा?

बराच वेळ वाद चालला. त्यांचा आवाज चढला, माझाही. त्यांच्या डब्यातल्या त्या माणसाचं नाव दोनदा निघालं. शेवटी त्यांनी आकडा ठेवू दिला, पण स्वतःच्या अक्षरात पुढे एक ओळ जोडली: ‘ज्यांचे राष्ट्रीयत्व निश्चित झाले आहे व शिक्षा पूर्ण झाली आहे अशांपुरते.’ करारातही तेवढंच आहे, त्यामुळे मला हरकत नव्हती. मग त्यांनी सही केली. मैत्रीवर त्यांचा विश्वास नाही हे त्यांनी सही करतानाही सांगितलं. मला ते आजही चुकीचं वाटतं. माझ्या मते सोडलेला प्रत्येक माणूस घरी जाऊन पलीकडच्या माणसांबद्दल काहीतरी सांगतो, आणि शांतता सुरू होत असेल तर ती त्या सांगण्यातूनच सुरू होते. काका म्हणतात, ते तू नंतर बघ, आधी माणूस आण.

कुणाकडे आधी जायचं हेही त्यांनीच सांगितलं. आधी अर्नाळ्याच्या कोळीवाड्यात जायचं, कारण बोट अडवली जाणं म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नाही. मग गावातली समाजमंडळं, नंदाखालची चर्चची माणसं, आगाशीचे जैन व्यापारी. सोसायट्यांत सेक्रेटरीला आधी भेटायचं. आणि कार्यकर्त्यांकडे सर्वात शेवटी, कारण त्यांची सही मिळणारच असते. याच क्रमानं मी निघाले आहे.

वाचणाऱ्यांकडे माझं एक मागणं आहे. पुढच्या १ जानेवारीला किंवा १ जुलैला या याद्या वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींत येतील. त्या वाचा. मग आपल्या खासदाराला एका पानाचं पत्र लिहा. पाकिस्तानबद्दल तुमचं मत काहीही असो, त्यात एकच प्रश्न विचारा: दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची जी समिती २००७ मध्ये एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटण्यासाठी नेमली होती, ती पुन्हा कधी जाणार? २०१८ मध्ये दोन्ही सरकारांनी तिला पुन्हा कामाला लावायचं मान्य केलं होतं. त्याआधीची तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली होती.